शर्यतीत धावणाऱ्याला बर्फ, स्लॅबवर राबणाऱ्याला काय?

गोव्यात पणजीला मिरामारचा समुद्रकिनारा आहे. तिथे 2019 साली पहिल्यांदा ‘आयर्नमॅन 70.3’ नावाची स्पर्धा झाली. मध्ये करोनाची दोन वर्षे गेली, पण आता ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की देशभरातून आणि परदेशातूनही माणसे तिथे जमतात. आधी समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचे, मग ओल्या अंगानेच सायकलवर बसून 90 किलोमीटर कापायचे, आणि सायकल ठेवली की लगेच 21.1 किलोमीटर धावायचे. मैलांत बेरीज 70.3 होते, म्हणून ते नाव. आपल्या हिशेबाने 113 किलोमीटर. साधारण साडेआठ तासांच्या आत हे सगळे संपवायचे असते. एकामागोमाग तीन खेळ, म्हणून याला ट्रायथलॉन म्हणतात.

यात उतरणारे बहुतेक हौशी असतात. कुणी डॉक्टर, कुणी कॉम्प्युटरवाला, कुणी सैन्यातला, कुणी पोलीस खात्यातला. 2019 च्या पहिल्या स्पर्धेत पहिला आलेला विश्वर्जित सैखोम हा मणिपूरचा, आपल्या सैन्यदलातला जवान. पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-नाशिकचे मराठी लोकही दरवर्षी उतरतात. आपल्या राज्यातले पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी तर 2017 साली फ्रान्समध्ये याच्या दुप्पट अंतराची पूर्ण आयर्नमॅन पार केली. अशा बातम्या मोबाईलवर आल्या की वस्तीत दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, “पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, दुसरे काय!” दुसरा म्हणतो, “लोखंडाची माणसं आहेत बाबा, आपल्याच्यानं नाही व्हायचं.”

मला दोन्ही बोलणी पटत नाहीत. नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन मी बरीच वर्षे वॉर्डात आणि कॅज्युअल्टीत काढली, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते. अशी स्पर्धा पाहताना माझे लक्ष पळणाऱ्याच्या पायांपेक्षा त्याच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांकडे जाते. पाण्याचे टेबल कुठे आहे, बर्फ कुणाच्या हातात आहे, डॉक्टरांचा तंबू किती अंतरावर आहे, हे मी बघते. कारण तिथे कुणीही लोखंडाचे नसते. तिथेही आपल्यासारखेच हाडामांसाचे शरीर उन्हात तापत असते. ते मरू नये म्हणून काय काय करावे लागते, याचे ज्ञान त्या स्पर्धांनी जमवलेले आहे. माझे म्हणणे एवढेच की हे ज्ञान हौसेसाठी पळणाऱ्याला मिळते, मग पोटासाठी राबणाऱ्याला का मिळू नये?

उन्हात शरीराचे काय होते?

या खेळाचा जन्मच उष्ण प्रदेशातला. 18 फेब्रुवारी 1978 रोजी अमेरिकेच्या हवाई बेटांवर पहिली आयर्नमॅन झाली. 15 जण उतरले, 12 जणांनी पुरी केली. पुढे ती कोना गावी गेली. तिथे थंड झालेल्या लाव्हाच्या काळ्या खडकांमधून रस्ता जातो, वर ऊन, खाली तापलेला दगड आणि बाजूला समुद्राची दमट हवा. 1982 साली तिथे जुली मॉस नावाची एक विद्यार्थिनी बायकांमध्ये सर्वांत पुढे होती. शेवटची रेघ अगदी समोर दिसत असताना तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. तेवढ्यात दुसरी स्पर्धक तिला ओलांडून गेली. जुलीने उरलेले अंतर हातापायांवर रांगत पूर्ण केले. टीव्हीवर ते दृश्य जगाने पाहिले आणि या खेळाचे नाव घरोघरी पोचले.

तिचे शरीर का कोसळले? आपण काम करतो तेव्हा स्नायू जी शक्ती जाळतात, तिच्यातला जेमतेम चौथा हिस्सा कामाला लागतो. बाकी सगळ्याची उष्णता होते. ती बाहेर टाकायला शरीराजवळ मुख्य साधन म्हणजे घाम. पण घाम नुसता गळून चालत नाही, तो अंगावरून वाळला तरच अंग थंड होते. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात हवा दमट, म्हणून घाम वाळत नाही, नुसता टपकत राहतो. विदर्भ-मराठवाड्यात उलटे. तिथे घाम इतका भरभर वाळतो की किती पाणी गेले ते माणसाला कळतही नाही. जड कामात तासाला एक ते दोन लिटर घाम जाऊ शकतो. रक्तातले पाणी कमी होते, हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. तेच रक्त कातडीकडेही हवे असते, स्नायूंनाही हवे असते आणि मेंदूलाही. शेवटी कुठेतरी कमी पडते. सोबत पोटात अन्न नसेल तर जळायला इंधनही उरत नाही.

आता सांगा, दुसऱ्या मजल्यावर डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या बाईच्या शरीरात यापेक्षा वेगळे काय होते? काहीही वेगळे होत नाही. फरक आहे तो लोकांच्या नजरेत. जुली मॉस झोकांड्या खात चालली तेव्हा लोकांनी तिच्यासाठी आरोळ्या दिल्या, टाळ्या वाजवल्या. नाक्यावरचा मजूर दुपारी झोकांड्या खात चालला तर लोक म्हणतात, “दिवसाढवळ्या प्यायलाय.” उष्माघातात माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो, कुठे आहे ते त्याला कळत नाही. दारूच्या नशेसारखेच ते दिसते. या एका गैरसमजापायी किती माणसे रस्त्याच्या कडेला पडून राहत असतील, याचा विचार करा.

शर्यतीतल्या माणसाला काय काय मिळते?

पहिली गोष्ट म्हणजे तयारी. कुणीही शहाणा स्पर्धक एका दिवसात उन्हात उतरत नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. या दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि घामातून मीठ कमी जाते. थंड देशातला खेळाडू उष्ण देशात स्पर्धेला जायचा असेल तर म्हणूनच आधी जाऊन राहतो, किंवा घरी गरम खोलीत सराव करतो.

दुसरी गोष्ट वेळ. अशा स्पर्धा सूर्य उगवायच्या सुमारास सुरू होतात. 2021 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉनची वेळ सकाळी साडेसहाची ठेवली होती, कारण तिथला जुलै फार तापतो. मॅरेथॉन तर टोकियोतून उचलून सप्पोरो या थंड शहरात नेली. जगातले सर्वांत तंदुरुस्त खेळाडू, तरी त्यांच्यासाठी घड्याळ बदलले आणि गावही बदलले.

तिसरी गोष्ट पाणी. धावण्याच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतराने टेबल लावलेले असते. पाणी, मीठ-साखरेचे पेय, केळी, बर्फ आणि अंगावर ओतायला गार पाणी. हे मागावे लागत नाही, स्वयंसेवक हात पुढे करून उभे असतात. चौथी गोष्ट संडास-मुतारी. पाचवी गोष्ट डॉक्टर, नर्स आणि रुग्णवाहिका. आणि सहावी गोष्ट, जी मला सगळ्यांत मोठी वाटते, ती म्हणजे थांबण्याची मुभा. स्पर्धक कधीही म्हणू शकतो, “बस, आज नाही होत.” त्याची मजुरी कापली जात नाही. उद्या त्याच्या घरची चूल बंद राहत नाही. आणि रात्री तो पंख्याखाली किंवा एसीत झोपतो, शरीर पुन्हा भरून येते.

आपला माणूस याच्या उलट जगतो. गावाहून जत्रा-लग्न आटोपून महिन्याने परत आला की दुसऱ्याच दिवशी नाक्यावर उभा. मुकादम त्याच दिवशी स्लॅब भरायला लावतो. कामाच्या ठिकाणी उन्हाने मरणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतले कामगार फार असतात, हे जगभर दिसून आले आहे. म्हणून अमेरिकेतली सरकारी कामगार-आरोग्य संस्था सांगते की उन्हात नवा आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पाचव्या हिश्शाएवढेच काम द्या आणि रोज तेवढेच वाढवत न्या. आपल्याकडे कुठल्या मुकादमाने हे ऐकले आहे? आणि रात्री? दिवसभर तापलेला पत्रा रात्री दोन वाजेपर्यंत उष्णता सोडत असतो. शरीराला भरून यायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या दिवशीची शर्यत अर्ध्या शरीराने सुरू होते. खेळाडूला असा दिवस वर्षातून एखादा येतो, आपल्याकडे उन्हाळाभर रोज येतो.

पाणी किती, मीठ किती?

इथे एक महत्त्वाची गोष्ट या खेळांकडून शिकण्यासारखी आहे. पूर्वी खेळाडूंना सांगत, जमेल तितके पाणी पीत राहा. मग लक्षात आले की घामातून मीठ गेलेले असताना नुसते साधे पाणी पोटभर ओतत राहिले, तर रक्तातले मीठ पातळ होते. डोके दुखते, उलट्या होतात, भ्रम होतो, झटके येतात, जीवही जातो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले, तर 13 टक्क्यांच्या रक्तात मीठ कमी निघाले. म्हणून आता सांगतात की तहान लागेल तसे, थोडे थोडे, वारंवार प्या. आणि तासन् तास घाम गळत असेल तर सोबत मीठही जाऊ द्या.

यासाठी महागड्या रंगीत बाटल्यांची गरज नाही. 1971 साली बांगलादेशच्या युद्धातले लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून लोकांना तोंडाने पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्के होते, ते 4 टक्क्यांच्याही खाली आले. आज सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळणारे ओआरएसचे पाकीट याच पाण्याचे आहे. दुकानात ‘ओआरएस’ नाव छापून नुसती गोड सरबते विकली जात होती, म्हणून 2025 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांवर हे नाव वापरायला बंदी घातली. पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवल्याचे लिहिले आहे का, ते बघा.

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशिग भरायचा नाही. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. जेवणात भाकरीबरोबर मीठ घातलेले ताक, डाळीचे पाणी, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत हेही चालते. ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह आहे, त्यांनी मीठ-साखरेचे पाणी रोजची सवय म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आणि एक सोपी खूण लक्षात ठेवा. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद पिवळी आणि थोडी असेल तर पाणी कमी पडते आहे.

बायकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी

झाडू मारणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, बांधकामावर घमेली उचलणाऱ्या बायकांशी मी बोलते तेव्हा एक वाक्य हमखास ऐकते, “ताई, पाणी प्यायलं की जायचं कुठं?” म्हणून त्या सकाळी घोटभर चहा घेतात आणि दुपारपर्यंत ओठ कोरडे ठेवतात. लघवी तुंबवून ठेवतात. मग जळजळ, वारंवार लघवीचा संसर्ग, ताप, कंबरदुखी. पाळीच्या दिवसांत तर हाल विचारू नका. पाणी न पिण्याची ही शिस्त आपल्या मुलीही शाळेपासून शिकतात.

स्पर्धेत उतरणाऱ्या बाईसाठी फिरते संडास वाटेवर उभे केले जातात, ते योग्यच आहे. मग आठ-दहा मजली इमारत उभी करणाऱ्या बाईसाठी तळाला एक दार लागणारा संडास उभा राहू शकत नाही? बांधकाम कामगारांसाठी पिण्याचे पाणी, स्त्री-पुरुषांसाठी वेगळे संडास-मुताऱ्या आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवणे मालकाची जबाबदारी आहे, हे 1996 च्या कायद्यापासून लिहिलेले आहे. त्यामुळे हे मागताना आपण उपकार मागत नाही. उन्हात काम करणाऱ्या बाईच्या पाण्याचा प्रश्न अर्धा हंड्याचा आहे आणि अर्धा संडासाचा. दोन्ही एकत्र मागा.

आधी गार करा, मग हलवा

अमेरिकेत फाल्माउथ गावी भर उन्हाळ्यात एक धावण्याची शर्यत होते. तिथल्या 18 वर्षांच्या नोंदी तपासल्या तर 274 जणांना उष्माघात झाला होता. त्यातला एकही दगावला नाही. कारण काय? तिथे शेवटच्या रेषेजवळ बर्फाच्या पाण्याने भरलेले टब तयार असतात. माणूस पडला की त्याला तिथेच, मिनिटांच्या आत, मानेपर्यंत त्या पाण्यात बसवतात. दवाखान्यात नेण्याची घाई करत नाहीत. आधी गार करायचे आणि मग हलवायचे, हा त्यांचा नियम.

आपल्याकडे नेमके उलटे होते. मी कॅज्युअल्टीत असताना एका तरुण सेंटरिंग कामगाराला मे महिन्याच्या दुपारी रिक्षातून आणले होते. ठेकेदाराच्या माणसांनी त्याला हुडहुडी भरली म्हणून चादरीत गुंडाळले होते. तापाची गोळी पाण्याबरोबर भरवायचा प्रयत्न केला होता. आधी एका खाजगी दवाखान्यात नेले, तिथे “मोठ्या ठिकाणी न्या” म्हणून दारातूनच परत पाठवले. यात तास-दीड तास गेला. आमच्या हाताला त्याचे अंग भाजल्यासारखे लागत होते. तो वाचला, पण मूत्रपिंडे बिघडून कितीतरी दिवस वॉर्डात पडून होता. सुरुवातीच्या दहा मिनिटांत कुणी त्याच्यावर साइटवरच्या पाइपचे पाणी सोडले असते, तर एवढे झाले नसते. पाणी तिथेच होते, स्लॅबवर मारायला ठेवलेले.

म्हणून हे पाठ करा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा.

उन्हात किंवा भट्टीजवळ काम करणारा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध पडला, त्याला झटके आले आणि अंग तापलेले असले, तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कष्टाच्या कामात होणाऱ्या उष्माघातात पुष्कळदा घाम चालूच असतो. शरीराच्या आतले तापमान 40 अंशांच्या वर गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट मेंदूला, मूत्रपिंडाला, यकृताला भाजत असते.

एकाने लगेच 108 ला फोन करावा, ही रुग्णवाहिका फुकट आहे. बाकीच्यांनी त्याला सावलीत न्यावे, बूट-मोजे आणि जाड कपडे काढावेत. अंगावर पाणी ओतत राहावे, पाइप असेल तर पाइप लावावा. मोठे पिंप किंवा टाकी असेल तर मान धरून त्यात बसवावे, तोंड पाण्याबाहेर राहील याची काळजी एकाने घ्यावी. काहीच नसेल तर ओल्या साड्या, ओढण्या, चादरी अंगावर टाकून पुठ्ठ्याने जोरात वारा घालावा आणि कापड गरम झाले की पुन्हा भिजवावे. मासळीवाल्याकडचा, गोळेवाल्याकडचा बर्फ मिळाला तर काख, मान आणि जांघेत ठेवावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी इथे कामाची नाही. नाकाला कांदा किंवा चप्पल लावण्यात वेळ घालवू नये. श्वास चालतो आहे का हे सतत बघावे.

याच्या आधीची पायरीही ओळखा. पायात गोळे येणे, चक्कर, मळमळ, डोके ठणकणे, छाती धडधडणे ही शरीराची सूचना असते. तिथेच काम थांबवले, सावलीत बसून मीठ-साखरेचे पाणी घेतले, तर पुढचे टळते.

भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींसाठी

आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीसाठी, सैन्यभरतीसाठी पळतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. तेच आपले खरे हौशी खेळाडू, फक्त त्यांच्या धावण्यावर घराची आशा टांगलेली असते. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या चाचणीत काही तरुण उन्हात कोसळून गेले. त्यानंतर अंतर कमी झाले, पण त्यासाठी आधी जीव जावे लागले.

या मुलांना ट्रायथलॉनवाल्यांची शिस्त सांगा. सराव पहाटे किंवा संध्याकाळी करा. उपाशीपोटी, रात्रभर प्रवास करून, फूटपाथवर झोपून थेट मैदानात उतरणे जीवघेणे आहे, जमेल तर आदल्या दिवशी पोचा. ताप, जुलाब असताना पळू नका. वजन कमी दिसावे किंवा दम वाढावा म्हणून कुणी दिलेली गोळी-इंजेक्शन घेऊ नका, त्यातली काही शरीराची उष्णता वाढवतात. धावताना छातीत दुखले, कधी अचानक भोवळ येऊन पडलात, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर आधी दवाखान्यात जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या. भरती पुन्हा निघेल.

मागायचे काय आणि करायचे काय?

16 एप्रिल 2023 रोजी खारघरला सरकारी पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसे भर उन्हात उघड्यावर बसली होती. 14 जण गेले. ती माणसे धावत नव्हती, नुसती बसली होती. सावली, पाणी आणि वेळ यांचा विचार केला नाही की काय होते, याचा हा पुरावा आहे. उलट, ज्या कतारमध्ये आपले कितीतरी लोक मजुरीला जातात, तिथल्या सरकारने 2021 पासून नियम केला आहे की 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम बंद. ऊन, दमटपणा आणि वारा धरून काढलेला आकडा 32.1 अंशांवर गेला की इतर वेळीही काम थांबवायचे. त्या देशात कामगारांचे हाल संपले असे मी म्हणत नाही. पण नियम करता येतो आणि इमारती तरीही उभ्या राहतात, एवढे तर दिसते. आपल्या देशात अहमदाबादने 2013 साली पहिला उष्मा कृती आराखडा केला. आपल्या महापालिकेचा, नगरपालिकेचा असा आराखडा आहे का, त्यात नाक्यावरच्या मजुराचे नाव आहे का, हे नगरसेवकाला विचारा.

ठेकेदाराकडे मागायच्या गोष्टी थोड्या आहेत. एप्रिल-मेमध्ये काम पहाटे लवकर सुरू करून बारा ते चार उन्हातले काम बंद. कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर पिण्याचे पाणी आणि सावली. बायकांसाठी दार लागणारा संडास. नव्या आणि सुट्टीवरून आलेल्या माणसाला पहिला आठवडा हलके काम. चक्कर आली म्हणून बसलेल्याची हजेरी कापायची नाही. आणि साइटवर पाण्याने भरलेले एक पिंप फक्त माणसासाठी राखून. एकट्याने मागितले तर “उद्यापासून येऊ नको” ऐकावे लागेल, म्हणून नाक्यावरच्या सगळ्यांनी मिळून मागा.

काही गोष्टी आपल्या हातातल्याही आहेत. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर पाणी, जेवण, औषधे घेऊन उभे राहणारे आपलेच तरुण असतात. 14 एप्रिलची मिरवणूक तर ऐन उन्हाळ्यातच येते. जी मंडळे हे जमवतात, त्यांना उन्हाळ्याचे दोन महिने नाक्यावर एक टेबल लावणे अवघड नाही. टेबलावर गार पाण्याचा माठ, ओआरएसची पाकिटे, एक बादली, चार जुन्या चादरी आणि 108 नंबर लिहिलेला पुठ्ठा एवढेच लागते. शेजारी एक प्रशिक्षित मुलगा किंवा मुलगी बसवा. प्रशिक्षणाला तासभर पुरे, वस्तीतली कुठलीही नर्स किंवा आशाताई ते देईल. घरांच्या पत्र्यावर पांढरा चुना मारला तर आतली उष्णता कमी होते, तेही मंडळाने एका रविवारी मिळून करता येईल.

गोव्याच्या किनाऱ्यावर शेवटची रेघ ओलांडणाऱ्याच्या गळ्यात पदक पडते. त्याने कष्ट केलेले असतात, मिळू दे त्याला. आपल्या माणसाला पदक नको आहे. संध्याकाळी तो स्वतःच्या पायांनी घरी आला पाहिजे. त्यासाठी काय लागते ते आता आपल्याला माहीत आहे. पाणी, मीठ, सावली, संडास, बर्फ आणि थांबण्याची मुभा. येत्या उन्हाळ्याआधी आपल्या नाक्यावर यातले काय आहे आणि काय नाही, याची यादी करा आणि नसेल ते मागायला लागा.